काचेच्या कार्ड मशीनवर दृष्टिहीन गिऱ्हाइकाने पिन टाकायचा कसा?

दुकानवाली_वहिनी (दापोली)

आमचं किराणा आणि कोकणमेव्याचं दुकान आहे. मागच्या महिन्यात बँकेच्या माणसाने जुनं कार्ड मशीन उचलून नेलं आणि नवं ठेवून गेला. जुन्याला बटणं होती, नवं म्हणजे सगळी काच. मोबाइलसारखं दिसतं, पावती छापतं, क्यूआरही दाखवतं. माझी तशी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती एका गिऱ्हाइकाची, आणि ती मला शंभर टक्के पटलेली आहे.

एक काका आमच्याकडे नेमाने येतात. पूर्ण दृष्टिहीन. सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. जुन्या मशीनवर ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असतो ना, त्यावर मधलं बोट टेकवायचे आणि पटापट पिन टाकून मोकळे. मी मान वळवायच्या आत हिरवं बटण दाबलेलं असायचं. नव्या मशीनवर त्यांनी सवयीने बोट फिरवून ठिपका शोधला. शोधता शोधता मशीनने दोन भलतेच आकडे घेतले. काकांनी कार्ड काढून घेतलं, "वहिनी, राहू दे" म्हणाले आणि रोख दिले. तेव्हापासून रोखच देतात.

तर जाणकारांना विचारायचंय ते असं. असल्या मशीनवर न दिसणाऱ्या माणसाला पिन टाकता यावा अशी काही सोय असते का? असली तर ती कुठे लपवून ठेवलेली असते? आणि नसेल तर बँकेकडे मी नेमकं काय मागू? "त्यांना यूपीआय वापरायला सांगा" एवढं मात्र सांगू नका. ते सांगून झालंय आणि त्यावर मला जे ऐकायला लागलं ते इथे लिहिता येणार नाही.

---

हर्णै_बंदर

वहिनी, गिऱ्हाइक ओळखीचं आहे ना? मग पिन विचारायचा आणि आपण टाकायचा. आमच्याकडे निम्मी म्हातारी माणसं तसंच करतात. काहींचा तर पिन चिठ्ठीवर लिहून कार्डाच्या पाकिटातच ठेवलेला असतो. आजवर कुणाचा रुपया इकडचा तिकडे झाला नाही. एका माणसासाठी बँकेशी कुठे भांडत बसता?

---

बाबल्या_मालवण

पिन पाकिटातच? म्हणजे कुलूप लावलां आणि चावी थंयच लटकवन ठेवली. चोराक कायच काम ठेवक नाय तुम्ही.

---

अनघा_सा (रत्नागिरी)

वहिनी, धागा काढल्याबद्दल आधी आभार. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, नोकरी करते, माझं सामान मी स्वतः आणते. हे सगळं फोनवर स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक) लावून लिहितेय, शुद्धलेखनाच्या चुका टॉकबॅकच्या नावावर टाका.

हर्णै_बंदर, तुमच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण पिन तुमच्या एकट्याच्या कानात जात नाही हो. औषधाच्या दुकानात मी एकदा हळू आवाजात पिन सांगितला. काउंटरवरच्या मुलाला ऐकू आला नाही म्हणून त्याने तोच मोठ्याने म्हणून दाखवला, "मॅडम, अमुक अमुक ना?" मागे रांग होती. घरी जाऊन पहिलं काम पिन बदलायचं केलं.

आणि नियमाचंही ऐका. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. पिन किंवा पासवर्ड ग्राहकाने स्वतः कुणाला दिला आणि त्यातून पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. म्हणजे मशीन मला वापरता येत नाही म्हणून मी पिन सांगायचा, आणि काही झालं तर निष्काळजी मीच ठरायची!

पण पिनची एवढी चर्चा होते, त्यात रकमेची गोष्ट बाजूला पडते. तुम्ही मशीनवर १,८५० मारले की १८,५००, हे मला पिन टाकण्याआधी कळायचं कसं? मशीन ते पडद्यावर दाखवतं आणि गप्प बसतं. मेसेज येतो तेव्हा पैसे गेलेले असतात. त्यातून पावसात रेंजची बोंब, मेसेज येतो मी घरी पोचल्यावर. बटणांचं मशीन परत आणलंत तरी हा प्रश्न उरतोच, हे लक्षात ठेवा. तेवढी एक सवय तुम्ही आजपासून लावून घ्या: रक्कम मारली की मोठ्याने सांगायची, आणि मग मशीन पुढे करायचं.

---

आंबेवाला_देवगड

आमच्याकडे तर यूपीआयचा डबा बोलतो की! "दोनशे रुपये प्राप्त झाले." मराठीतसुद्धा बोलतो. तसाच कार्ड मशीनला लावला की झालं काम.

तो डबा आल्यापासून माझी एक डोकेदुखी गेली. सीझनला गर्दीत लोक पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवून पेटी उचलून जायचे, त्यातले काही स्क्रीनशॉट मागच्या वर्षीचे असायचे.

---

अनघा_सा

डबा तुमच्याशी बोलतो, माझ्याशी नाही. त्याची नेमणूकच दुकानदाराला निश्चिंत करायला झालेली आहे. पैसे पोचल्यावर तो घोषणा करतो. मला आधी ऐकायचंय. अर्थात आकडा चुकला असेल तर त्या घोषणेवरून निदान जागच्या जागी भांडता येतं, तेवढा उपयोग मी मान्य करते.

---

गुळाची_पोळी

अवांतर: देवगडकर, यंदा पेटीचा भाव काय धरलाय? पाच डझनी सांगा.

---

आंबेवाला_देवगड

मोहोर बघून सांगतो. थंडी नीट पडू दे आधी. आणि धागा वहिनींचा आहे, व्यनि (खासगी निरोप) करा.

---

तांत्रिक_तात्या (चिपळूण)

चिपळूण–खेड पट्ट्यात ही मशीनं बसवायचं आणि दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं केलंय, तर वहिनींच्या मूळ प्रश्नाला हात घालतो.

बटणांच्या मशीनवर काकांना जे जमत होतं ते योगायोगाने नव्हे. आकड्यांची मांडणी टेलिफोनसारखी, १-२-३ वरच्या ओळीत. ५ वर ठिपका. हिरव्या बटणावर उठावाचा गोल, लालवर फुली. जगात कुठेही जा, साधारण हेच. टेलिफोन ऑपरेटरचं बोट तिथे आंधळेपणाने नाही, सरावाने चालतं.

काचेच्या मशीनचं आतलं गणित वेगळं आहे. आत बहुतेक वेळा अँड्रॉइड असतं, मग लोक म्हणतात टॉकबॅक चालू करा की. बाकीच्या पडद्यांवर ते चालेलही. पण पिनचा पडदा हे साधं अ‍ॅप नसतं, तो मशीनचा सुरक्षित भाग काढतो आणि दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला तिथे डोकावू देत नाही. डोकावू दिलं तर उद्या चोराचा प्रोग्रामही तिथला पिन वाचेल. शिवाय काही मशीनं दर वेळी आकड्यांच्या जागा बदलतात, बोटाच्या हालचालीवरून कुणी पिन ओळखू नये म्हणून. दिसणारा माणूससुद्धा तिथे अडखळतो. मग ज्याला दिसत नाही त्याने जागा पाठ करायची म्हटलं तरी काय पाठ करणार?

सोय अजिबात नसते असं नाही. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये पिनच्या आधी एक वेगळी पद्धत चालू करता येते. मशीन तोंडी सूचना देतं, बोट काचेवर सरकवलं की बीप येते, टिचकी मारली की अंक पक्का होतो. अंक मोठ्याने बोलत नाही, कारण बोलला तर पिन जाहीरच झाला. पण ही सोय मशीनमध्ये असून भागत नाही, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये ती चालू केलेली लागते. मी इतकी मशीनं बसवली, बसवताना हे तपासायला मला कुणी कधी सांगितलं नाही. फॉर्मवर तो रकानाच नव्हता.

काचेवर बसवायचं भोकांचं प्लॅस्टिक झाकणही काही मॉडेलांना मिळतं. पण आकडे जागा बदलणारे असतील तर त्याचा उपयोग शून्य.

वहिनी, माझं ऐकाल तर झाकणं-बिकणं सोडा. बँकेला सांगा, खरी बटणं असलेलं मॉडेल द्या. ती अजून बनतात. वर पडदा आणि खाली बटणं अशी जोडमॉडेलंही आहेत. ते नसेल तर मशीनला वायरने जोडायचा वेगळा पिनपॅड मागा, तो गिऱ्हाइकाच्या हातात देता येतो.

---

बाबल्या_मालवण

तात्यानु, आमच्या हय मशीनाक रेंजच गावणा नाय. शेठ मशीन हातात घेवन माडाखाली जाता, मगे पावती येता. गिऱ्हाईक हय, कार्ड माडाखाली. त्यात दिसणारो काय नि न दिसणारो काय, दोघांकय रक्कम दिसणा नाय.

---

मेलबर्नचा_मामा

मूळचा वेंगुर्ल्याचा, राहणार ऑस्ट्रेलियात. हाच तमाशा इथे होऊन गेलाय. कॉमनवेल्थ बँकेने "अल्बर्ट" नावाचं टचस्क्रीन मशीन दुकानादुकानांत दिलं. दृष्टिहीनांना पिन टाकता येईना. दोन दृष्टिहीन व्यक्तींनी २०१८ मध्ये थेट फेडरल कोर्ट गाठलं. त्यातले एक ग्रेम इन्स, म्हणजे अपंगांशी होणाऱ्या भेदभावासाठीचे पूर्वीचे आयुक्तच. जानेवारी २०१९ मध्ये तडजोड झाली, बँकेने सॉफ्टवेअर सुधारायचं आणि दुकानदारांना शिकवायचं कबूल केलं.

गंमत म्हणजे त्या मशीनमध्ये दृष्टिहीनांसाठीची पद्धत आधीपासून होती. पण ती आधी शिकून घ्यावी लागे. भाजी घ्यायला आलेला माणूस मागे रांग ताटकळत असताना मशीनचा वर्ग भरवणार का? तात्या म्हणतात ते बीपवालं प्रकरण म्हणूनच मला फारसं रुचत नाही. बटण ते बटण.

अजून एक. मास्टरकार्डने २०२१ मध्ये कार्डांच्या कडेला खाच द्यायची पद्धत जाहीर केली. क्रेडिटला चौकोनी, डेबिटला गोल, प्रीपेडला त्रिकोणी. म्हणजे पाकिटात हात घातला की कुठलं कार्ड ते कळतं. तिकडे कुणाला मिळालंय का असं कार्ड?

---

अनघा_सा

मला नाही मिळालं अजून. मी कार्डाच्या एका कोपऱ्यावर पारदर्शक टेपचा तुकडा चिकटवते. आडवा तुकडा पगाराच्या खात्याचं, उभा घरखर्चाचं. चिप आणि पट्टी सोडून लावायचा, मशीनमध्ये अडकत नाही.

---

आजोळ_आंजर्ले

सगळी चर्चा पूर्ण न दिसणाऱ्यांची चाललीय म्हणून माझ्या आईची बाजू मांडते. तिला काचबिंदू आहे. दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं. पांढरी काठी नाही, काळा चष्मा नाही, त्यामुळे दुकानात कुणाला कळतच नाही आणि ती सांगतही नाही. करड्या पार्श्वभूमीवर पांढरे बारीक आकडे, त्यावर दारातून येणारं ऊन. ती मशीन तिरकं करते, जवळ घेते, मग मागचा कुणीतरी "आजी, लवकर" म्हणतो आणि ती पिन सांगून टाकते. कोकणात घरटी एक म्हातारं माणूस आहे आणि पोरं मुंबईला. तेव्हा "एका माणसासाठी" हे हर्णै_बंदरांचं गणित जरा परत मांडा.

वहिनी, तुमचं मशीन दाराकडे तोंड करून ठेवू नका आणि पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा. फुकटचा उपाय आहे, माझ्या आईसारख्यांना पुष्कळ फरक पडतो.

---

खाडीपलीकडचा

सगळ्यात बरी रोख. निसर्ग वादळ झालं (३ जून २०२०) तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, टॉवर आडवे. कार्ड घेऊन फिरणारे उसनवारी करत होते. काका रोख देतात तेच शहाणपणाचं.

---

अनघा_सा

वादळात मीही रोखच वापरली. पण रोज रोख वापरायची तर ऐका. नव्या नोटांत ५०० ची लांबी १५० मिमी, २०० ची १४६, १०० ची १४२. रुंदी तिघींची सारखीच, ६६ मिमी. म्हणजे शंभर आणि दोनशेत फरक चार मिलिमीटरचा. तो दोन बोटांत पकडायचा, रांगेत, सुट्टे परत घेताना.

उठावाच्या खुणा आहेत. शंभरवर त्रिकोण, पाचशेवर गोल, आणि कडांना तिरक्या रेघा, पाचशेला पाच, शंभरला चार. कोऱ्या नोटेवर छान लागतात. पण आमच्या मासळीबाजारात एकदा फिरून आलेली नोट हातात घ्या. ओली, मऊ पडलेली, एखाद-दुसरा खवला चिकटलेला. तिथे त्रिकोण आणि गोल दोन्ही वाहून गेलेले असतात. रिझर्व्ह बँकेचं "मनी" अ‍ॅप (जानेवारी २०२० मध्ये आलं) नेटशिवाय नोट ओळखून सांगतं, पण त्यासाठी एका हातात फोन, एका हातात नोट, काठी काखेत आणि पिशवी दातांत. खरी-खोटी नोटही ते सांगत नाही.

नाणी मात्र २०१९ च्या मालिकेत सुधारली. वीसचं बारा कोनांचं नाणं मी झोपेतही ओळखीन. ते बाजारात दिसतं किती, हा वेगळा विषय.

आता "यूपीआय वापरा" यावर. वहिनींनी बंदी घातलीय, तरी माझ्यापुरतं सांगते. काकांना नको असेल तर नको, त्यांच्याकडे साधा फोन असू शकतो आणि माणसाला निवडीचा हक्क आहे. मला यूपीआय बरं पडतं कारण रक्कम माझ्याच फोनवर येते आणि कानातलं लावून मी ती ऐकू शकते. पण भिंतीवरचा क्यूआर मला सापडत नाही. कुठे बरणीमागे, कुठे देवाच्या फोटोशेजारी. मी दुकानदाराला सांगते, रकमेसकट क्यूआर मशीनवर काढा आणि मशीन माझ्या हातात द्या. कॅमेरा आधी टेकवायचा, मग वीतभर मागे न्यायचा, टिपतो. किरकोळ खरेदीला यूपीआय लाइट, एका वेळी १,००० पर्यंत पिनच लागत नाही. साध्या फोनवरून आवाजी सूचनांवर चालणारं यूपीआय १२३पे मार्च २०२२ पासून आहे, काकांना कुणी ते सांगितलंय का बघा. जुन्या टेलिफोनवाल्या माणसाला ते आवडूही शकेल.

आणि कार्डच वापरायचं तर टॅप, म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवायचं. ५,००० पर्यंत पिन लागत नाही, १ जानेवारी २०२१ पासून. मी बँकेच्या अ‍ॅपमध्ये टॅपची मर्यादा खाली आणून ठेवलीय. कुणी चुकून एक शून्य जास्त मारलं तर कार्ड तिथेच नकार देतं. काकांच्या घरच्या कुणाला किंवा बँकेला सांगून हे करून घेता येईल.

---

हर्णै_बंदर

पिशवी दातांत हे वाचून हसलो, माफ करा. पण नोटांचं पटलं. मासळीच्या लिलावाच्या नोटा आमच्याच.

काचेबद्दल मलाही एक सांगायचंय, आधी लिहिलं नाही. ओल्या बोटाने ते नवं मशीन चालतच नाही. पावसाळ्यात किंवा मासळीचा हात असला की २ दाबावा तर काही नाही, मग एकदम दोन वेळा २. गिऱ्हाइकाचा पिन चुकतो, तीनदा चुकला की कार्ड बंद. जुन्याची बटणं खाऱ्या हवेने चिकट व्हायची, पण दाबली की दाबली जायची. तेव्हा बटणं परत मागण्यात माझाही स्वार्थ आहे असं समजा.

पिन विचारण्याबद्दल मात्र माझं मत तेच. जिथे दुसरा इलाज नाही तिथे माणसाने माणसाला मदत करायची नाही का?

---

आजोळ_आंजर्ले

मदत करा ना. माझी आई "वाचून दाखव" म्हणाली तर रक्कम वाचून दाखवा. तिने न मागता तिच्या हातातलं मशीन काढून घेऊ नका, एवढंच.

---

कायद्याचा_कीस

अनघाताईंनी २०१७ चं परिपत्रक सांगितलं, मी दुसऱ्या बाजूचे कागद देतो. वहिनींना बँकेपुढे उपयोगी पडतील.

दिव्यांग व्यक्तींचा हक्क कायदा, २०१६. सेवा देणाऱ्यांनी त्या सेवा दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या, हे त्यात आहेच. पण तुमच्या कामाचा खरा कागद म्हणजे रिझर्व्ह बँकेचं ११ ऑक्टोबर २०२४ चं परिपत्रक. बँका आणि बँकेतर पेमेंट कंपन्या, दोघांनाही त्यात सांगितलंय की आपली पेमेंटची व्यवस्था आणि उपकरणं दिव्यांगांना सहज वापरता येतात का हे तपासा आणि बदल करा. पीओएस मशीनचा, म्हणजे दुकानातल्या कार्ड मशीनचा, त्यात नावानिशी उल्लेख आहे. अर्थ मंत्रालयाची बँकिंग क्षेत्रासाठीची सुगम्यता मानकं त्याच वर्षी फेब्रुवारीत आली, त्यांचाही आधार आहे. उपकरणांसाठीचं भारतीय मानक आयएस १७८०२.

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल. ८ नोव्हेंबर २०२४, राजीव रतुडी प्रकरण: सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, बंधनकारक करा. ३० एप्रिल २०२५: डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग. दुसरा निकाल केवायसीच्या संदर्भातला आहे, मशीनच्या नाही, पण तत्त्व तेच.

आधी बँकेला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, हेल्पलाइन १४४४८. शिवाय राज्याचं दिव्यांग आयुक्तालय पुण्यात आहे.

---

तांत्रिक_तात्या

कागदावर सगळं असतं, कीससाहेब. १ जुलै २०१४ पासून बसणारं प्रत्येक नवं एटीएम बोलकं आणि ब्रेलच्या बटणांचं हवं, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. एटीएम खरंच बोलकी आली. पण बंदराजवळच्या एका एटीएममध्ये इअरफोनची पिन घालायचं भोक मी पाहिलं, आत हिरवा गंज. खारा वारा. यंत्र बोलत असणार, पण कुणाच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. देखभालीच्या यादीत ते भोक नव्हतं. तसंच या मशीनांचं होणार. नुसतं "सुगम मशीन द्या" म्हणालात तर तुम्हाला पत्रक मिळेल. "बटणं असलेलं द्या" म्हणालात तर मशीन मिळायची शक्यता आहे.

---

बाबल्या_मालवण

तात्या बोललो ता खरां. मागूचा तर नाव घेवन मागूचा. "मासो द्या" म्हटलास तर बांगडो देतत.

---

दुकानवाली_वहिनी

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मध्ये दुकानात पाहुण्यांची गर्दी होती, म्हणून उशीर.

मशीनच्या हेल्पलाइनला फोन लावला. पहिल्या मुलीने "मॅडम, मशीन चालू-बंद करून बघा" सांगितलं. दुसऱ्याने दृष्टिहीनांसाठीची पद्धत म्हणजे काय हे मलाच विचारलं. तात्यांचा परिच्छेद वाचून दाखवला, तर म्हणाला कळवतो. आमच्या मशीनचे आकडे मात्र जागा बदलत नाहीत, ते मी तपासलं.

काका काल आले. मी अनघाताईंचं सगळं त्यांना वाचून दाखवलं. टॅपचं त्यांना माहीत होतं, पण मर्यादा कमी करता येते हे नव्हतं. मुलगा गणपतीला येईल तेव्हा करून घेतो म्हणाले. १२३पे ला "बघू". बीपवाल्या पद्धतीला साफ नकार. "दुकानात चार माणसं बोलत असताना मी बीप ऐकत बसू? मला मशीनने बोलायला नको, बोटाला काहीतरी लागायला हवं." आणि रक्कम मोठ्याने सांगायचं म्हटल्यावर म्हणाले की तुमचे यजमान आधीपासून सांगतात, तुम्हीच विसरता. यजमान समोर होते, त्यामुळे संध्याकाळभर ऐकावं लागलं.

तर आता अर्ज करतेय. मसुदा टाकते, दुरुस्त्या सांगा:

"मा. शाखा व्यवस्थापक यांस,
आपल्या बँकेने आमच्या दुकानात दिलेल्या कार्ड मशीनवर पिन टाकण्यासाठी फक्त काचेचा पडदा आहे. आमच्या दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी ग्राहकांना त्यावर स्वतः पिन टाकता येत नाही. पिन दुसऱ्याला सांगणे बँकेच्याच सूचनांविरुद्ध आहे. तरी, ५ च्या अंकावर ठिपका असलेली खरी बटणे असलेले मशीन किंवा तसा जोडपिनपॅड आम्हाला द्यावा. सध्याच्या मशीनमध्ये दृष्टिहीनांसाठी पिन टाकण्याची सोय असल्यास ती चालू करून द्यावी व कशी वापरायची ते दुकानात येऊन दाखवावे. रिझर्व्ह बँकेच्या दि. ११ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार काय कार्यवाही केली ते लेखी कळवावे."

---

अनघा_सा

चांगला झालाय. "ग्राहकांना त्यावर स्वतः पिन टाकता येत नाही" याच्या पुढे "व पिन टाकण्यापूर्वी रक्कम समजत नाही" एवढं घाला. पडद्यावरचे आकडे मोठे करता येतील का हेही विचारा, आंजर्लेच्या आईंसाठी.

---

कायद्याचा_कीस

मशीनचा टीआयडी (टर्मिनल आयडी, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक) वर लिहा, पावतीवर असतो. अर्ज शाखेत हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे. आणि भाडं वाढेल असं तोंडी सांगितलं तर तेही लेखी मागा.

---

हर्णै_बंदर

वहिनी, हाच मसुदा मी आमच्या शाखेत देतो. "दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी"च्या पुढे "व ओल्या हाताच्या" घातलं तर चालेल का?

---

कायद्याचा_कीस

वेगळा परिच्छेद करा. एकाच वाक्यात नको, मॅनेजर ओल्या हातांवरच उत्तर देईल.